धार राखताना

बोथट चाकूची धार दिसते. चांगल्या चाकूची दिसत नाही. पाते धार वर करून दिव्याखाली धरावे आणि हळूहळू कलते करत जावे. जिथे धार गेली असेल तिथे एक बारीक पांढरी रेघ चमकून उठते. पोलादाच्या दोन उतरत्या बाजू जिथे एकमेकींना मिळायच्या तिथे झिजून अरुंद सपाटी झालेली असते, आणि तीच उजेड परतवते. दोन्ही बाजू जिथे खरोखर मिळाल्या आहेत तिथे उजेडाला टेकायला जागाच उरत नाही. ताज्या धारेची जाडी एका मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्शाच्या आसपास असते. माणसाचा केस तिच्या कितीतरी पट जाड. नजरेला सापडेनाशी होणे हेच जिच्या तयारीचे लक्षण, अशी दुसरी वस्तू माझ्या पाठपिशवीत नाही.

डोंगरात जायला निघालेली तरुण मुले मला विचारतात, चाकू कोणता घेऊ? फोनवर चित्रे दाखवतात. पाठीवर करवतीचे दाते, मुठीत होकायंत्र, पात्याला काळा रंग, वितभर लांबी. मी त्यांना उलट विचारते, धार कशावर लावणार आहेस? बहुतेकांनी त्याचा विचार केलेला नसतो, आणि मला मात्र सगळी निवड तिथूनच सुरू होते असे वाटते. चाकू घेताना आपण पोलाद घेतो आणि पोलाद घेतले की दगड ठरून जातो. दगड आणि तो वापरणारा हात नसेल, तर कितीही महागडे पाते घेतले तरी आपण फार तर एका पावसाळ्यापुरते धारदार चाकूचे मालक असतो. दुकानातून चाकूसोबत येते ती दुसऱ्या कुणीतरी लावलेली धार. ती संपते. त्यानंतरचा चाकू आपला.

सह्याद्रीत चाकूला कामे तरी कोणती असतात? कांदा, टोमॅटो, काकडी. सुतळी. बुटाचा तळ सुटला तर त्याला गुंडाळायची चिकटपट्टी. जखमेवरच्या पट्टीचे कापड. आणि आषाढ-श्रावणात चूल पेटवायची वेळ आली, तर ओल्या फाट्याची साल सोलून आतल्या कोरड्या लाकडाच्या पातळ ढलप्या काढणे. या सगळ्याला सात ते नऊ सेंटिमीटरचे पातळ पाते पुरते. इतकेच नव्हे, तर तेच लागते. जाड पात्याने टोमॅटो चिरडतो आणि लाकूड कापले न जाता फाटते. मोठे काम निघाले तर गडाच्या पायथ्याच्या प्रत्येक घरात कोयता असतोच. कोकणात उतरले की माणसांच्या कमरेला मागच्या बाजूला आकडीत अडकवलेला कोयता दिसतो. गावच्या लोहाराने गाडीच्या जुन्या पाट्यापासून घडवलेला, जाड पाठीचा, पुढे वाकलेला. त्याच्या एका घावात जी फांदी उतरते तिच्याशी खिशातल्या चाकूने झटापट करू नये. खिशातल्या चाकूचा प्रांत बोटांचा आहे, खांद्याचा नव्हे.

माझा चाकू ओपिनेल, आठ नंबरचा. फ्रान्समधल्या सव्हॉय या डोंगराळ मुलखात जोझेफ ओपिनेल नावाच्या अवजारे घडवणाऱ्या घराण्यातल्या तरुणाने 1890 मध्ये हा घडीचा चाकू बनवला. 1897 मध्ये त्याने एक ते बारा असे आकार ठरवले. त्यातले एक आणि अकरा पुढे बंद झाले; बाकीचे अजून निघतात. बीच लाकडाची गोलसर मूठ, साडेआठ सेंटिमीटरचे पाते आणि एक खिळा. 1955 मध्ये त्याला फिरते कडे बसले, त्यामुळे उघडलेले पाते बोटांवर मिटत नाही. शेतकरी, गुराखी, द्राक्षबागेतले मजूर यांच्यासाठी केलेली ही वस्तू आहे, आणि ते तिच्याकडे पाहताच कळते. शेजारच्या स्वित्झर्लंडमधल्या कार्ल एल्सनर यांच्या कारखान्यातला लाल चाकूही मला आवडतो. त्यांनी 1891 मध्ये स्विस सैन्याला पहिले चाकू पुरवले आणि 1897 मध्ये अधिकाऱ्यांसाठीच्या हलक्या चाकूची नोंदणी केली. सगळ्या जगाला ठाऊक झालेला तो हाच. त्याचे पोलाद मुद्दाम फार कठीण ठेवलेले नसते. म्हणून धार लवकर उतरते आणि तितक्याच लवकर परत येते. डबे उघडायचे असतील, स्क्रू पिळायचे असतील, काटा काढायचा असेल तर तोच घ्यावा. मला मात्र एकच पाते हवे असते, आणि तेही साधे कार्बनचे.

यावर लोक हरकत घेतात. पावसात गंजेल! गंजतेच. माझ्या पात्यात शेकडा नव्वद शतांश कार्बन आहे आणि क्रोमियम जवळजवळ नाही. घाटमाथ्यावर जुलैत हवाच पाणी असते. संध्याकाळी पाते न पुसता ठेवले तर सकाळी त्यावर तांबूस ठिपके उमटलेले असतात. मूठही फुगते. लाकूडच ते, पाणी पिणार. मग पाते खाचेत घट्ट बसते आणि नखाने उघडत नाही. सव्हॉयच्या शेतकऱ्यांनी त्यावर काढलेली तोड सोपी आहे: मुठीचे मागचे टोक दगडावर टकटक आपटायचे की पात्याचे टोक आपोआप बाहेर डोकावते. कोकणकड्याच्या फरशीसारख्या कातळावर ही युक्ती आल्प्सइतकीच चालते.

गंजाच्या बदल्यात काय मिळते ते सांगायला हवे. अलीकडे महागड्या चाकूंत व्हॅनेडियम मिसळलेले पोलाद वापरतात. त्यात व्हॅनेडियम कार्बाइडचे सूक्ष्म कण असतात आणि ते इतके कठीण असतात की त्यांच्यामुळे धार महिनोन्‌महिने टिकते. पण ती गेली की घरचा दगड हात टेकतो. ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या दगडाहून ते कण कठीण. तो दगड सभोवतीचे पोलाद झिजवतो आणि कण तसेच राहतात. मग हिऱ्याच्या भुकटीची पट्टी लागते. ती मिळते, चांगलीही असते, आणि जे शहरात बसून चाकू लावतात त्यांनी जरूर घ्यावी. साधे कार्बनचे पाते मात्र जे हाताशी येईल त्यावर धार घेते. हार्डवेअरच्या दुकानातला काळा दगड, ओढ्यातला गुळगुळीत गोटा, चहाच्या कपाच्या बुडाशी असलेली खरखरीत, झिलई नसलेली कड. पायथ्याच्या गावात चहा पिऊन झाल्यावर कप उपडा करून मी त्या कडेवर पाते कितीदा फिरवले आहे! चिनी मातीच्या बरणीचे बूडही तेच काम करते. भाजलेल्या त्या मातीतले कण पोलादाहून कठीण असतात.

आणि पात्याचा रंग. नवे कार्बनचे पाते आरशासारखे असते. पहिली कैरी चिरली की त्यावर निळसर-करडा ढग येतो, कांद्याने तो तपकिरी होतो, लिंबाने काळवंडतो. भीमाशंकरच्या बाजूला हिरड्याचा हंगाम असताना मी एक हिरवा बाळहिरडा कापून पाहिला होता. रस लागला तिथे पाते डोळ्यांदेखत काळेभोर झाले. हिरड्यातले टॅनिन आणि लोखंड यांची गाठ पडली की हेच होते. शाई करायची जुनी रीतही त्यावरच उभी आहे. हा काळा थर गंज नव्हे. तो पात्याला धरून बसतो आणि तांबड्या गंजाला थोडीफार आडकाठी करतो. तीन-चार हंगामांनंतर माझ्या पात्यावर जो नकाशा उमटला आहे त्यात कैऱ्या आहेत, आवळे आहेत, तो हिरडा आहे. दर मुक्कामी पुसून त्यावर खोबरेलाचा हात फिरवते. खाण्याच्या वस्तूला लागले तरी त्याची भीती नाही.

आता दगड. पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीत, मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर, आणि खरे तर कुठल्याही तालुक्याच्या गावी हार्डवेअरच्या दुकानात कार्बोरंडमचा दुहेरी दगड मिळतो. एक बाजू भरड, एक बारीक. मालाच्या मानाने तो फार स्वस्त आहे. सिलिकॉन कार्बाइडचा कण धारदार असतो आणि झपाट्याने कापतो. त्याच्या जोडीला हजार नंबरचा एखादा बारीक दगड असला की डोंगरातल्या चाकूला आणखी काही लागत नाही. पाण्यात सोडल्यावर दगड बुडबुडे सोडतो. ते थांबले की तो भिजला. मग ओल्या फडक्यावर ठेवायचा, हलता कामा नये.

सगळे कौशल्य कोन धरण्यात आहे, आणि कोन धरणे म्हणजे मनगट विसरणे. पाते दगडावर निजवायचे आणि पाठ उचलायची. किती? पात्याच्या रुंदीच्या साधारण तीन दशांश. दोन सेंटिमीटर रुंद पात्याची पाठ सहा मिलिमीटर उचलली की दर बाजूला सुमारे साडेसतरा अंशांचा कोन होतो, आणि भाजी-सुतळी-ढलपीच्या चाकूला तो अगदी योग्य. लाकडाचेच काम जास्त असेल तर थोडी अधिक उचलावी. मग पाते दगडावरून असे न्यायचे की जणू दगडाचा पापुद्रा काढायचा आहे. मुठीकडून सुरुवात, टोकापाशी शेवट, टोकाला वळण येते तिथे मूठ किंचित उचलत. हात खांद्यापासून हलतो. सहाणेवर चंदन उगाळताना जितका भार द्यावा तितकाच इथे. जास्त दाबले की कोन ढळतो. दगडावर काळे पाणी साचू लागते. त्यात पोलाद असते, दगडाचे कण असतात. ते लगेच धुऊन टाकू नये, तेही काम करत असते.

एका बाजूने पुरेसे घासले गेले याची खूण एकच. पलीकडच्या कडेवर धातूची सूक्ष्म ओठाळी उलटते. वर्कशॉपमधली माणसे तिला बर म्हणतात. पाठीकडून धारेच्या बाहेर अलगद बोट नेले की ती बोटाला अडते. मुठीपासून टोकापर्यंत ती सलग लागली पाहिजे. जिथे लागत नाही तिथे दगड अजून धारेपर्यंत पोहोचलेलाच नाही. घाई इथेच नडते. माणसे दोन्ही बाजूंनी पाच-दहा हात मारतात आणि धार आली नाही म्हणून दगडाला दोष देतात. एका बाजूला बर उमटेपर्यंत दुसऱ्या बाजूला हात लावू नये, असे मला शिकवणाऱ्या सुतारकाकांनी सांगितले होते आणि त्यात मला आजवर बदल करावासा वाटला नाही. एका बाजूची बर आली की पाते पालटायचे आणि तिला परत लोटायचे. मग बारीक दगड. मग भार कमी करत, कमी करत, एकेक हात एकेका बाजूला. शेवटी पात्याचे फक्त स्वतःचे वजन दगडावर असते. या शेवटच्या हातांत आवाज बदलतो. खरखर जाते आणि ओल्या कापडावरून कापड ओढावे तशी सळसळ उरते. मला या टप्प्यावर कुणी हाक मारलेली चालत नाही.

तरीही बरेचा एखादा धागा चिकटून राहतो. तो काढायला कातडे लागते. मी कोल्हापुरी चपला करणाऱ्या एका कारागिराकडून कापून उरलेली वादी मागून घेतली आहे. ते कातडे बाभळीची साल आणि हिरडा यांनीच कमावलेले असते. ज्या हिरड्याने पाते काळे केले तोच इथे धार उजळायला हातभार लावतो. कातड्यावर पाते उलट ओढायचे, पाठ पुढे आणि धार मागे, नाहीतर कातडेच कापले जाईल. पूर्वी न्हावी वस्तरा पट्ट्यावर फिरवत ते याच कारणाने. वीसेक हातांनंतर टोमॅटोच्या सालीवर पाते नुसते ठेवले आणि ओढले की साल दुभंगते. हाताने दाब द्यावा लागला तर पुन्हा बारीक दगडाकडे.

गल्लीत सायकलवर चाक बसवून येणाऱ्या धारवाल्याला मी खिशातला चाकू देत नाही. त्याच्या कामाला मी कमी लेखते असे नव्हे. घरची विळी, कोयता, कात्री यांना तो दोन मिनिटांत कामाला लावतो, आणि शिकलगारांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या विद्येचा तो दूरचा का होईना वारसदार आहे. पण कोरड्या चाकाखाली पात्याची कड तापते. चाकावरून उडणाऱ्या ठिणग्या म्हणजे पोलादाचे जळणारे कणच. घडवताना पोलाद आठशे अंशांच्या आसपास लाल करून विझवतात आणि मग दोनशेच्या जवळपास पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा घालवतात. याला लोहार पाणी देणे म्हणतात. चाकावर कड त्याहून जास्त तापली की आधी गवती पिवळा आणि तीनशेच्या सुमारास निळा रंग येतो. निळी झालेली कड मऊ पडते. पाणी उतरले म्हणतात ते हेच, आणि पातळ पात्यात ते क्षणात घडते. जाड कोयता उष्णता आत ओढून घेतो. माझ्या पात्यात ओढून घ्यायला काही नाही. हातातला ओला दगड कधीच इतका तापत नाही.

ही विद्या पोलादाहून पुष्कळ जुनी आहे. 1991 मध्ये आल्प्समध्ये ऑस्ट्रिया आणि इटलीच्या सीमेवर बर्फात एका माणसाचा देह सापडला. तो सुमारे 5300 वर्षांपूर्वीचा निघाला. त्याला ओट्झी म्हणतात. त्याच्याकडे गारेच्या जातीच्या दगडाचा छोटा खंजीर होता, ॲश लाकडाच्या मुठीचा, झाडाच्या आतल्या सालीच्या धाग्यांनी विणलेल्या म्यानात. आणि त्याच्याजवळ आणखी एक वस्तू होती जी मला त्या खंजिरापेक्षाही जवळची वाटते: लिंडेन झाडाचा जाडसर दांडका आणि त्यात ठोकलेली सांबराच्या जातीच्या हरणाच्या शिंगाची खुंटी, दिसायला जाड्या पेन्सिलीसारखी. ती दगडी धारेवर दाबून बारीक कपच्या उडवायच्या आणि धार नवी करायची. 2018 मध्ये त्याच्या हत्यारांचा सूक्ष्मदर्शकाखाली केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याची बहुतेक दगडी हत्यारे पुन्हा पुन्हा धार लावून पार संपत आली होती. नवा दगड त्याला बऱ्याच दिवसांत मिळालेला नव्हता. डोंगर चढणाऱ्या त्या माणसाने वजन कमी करताना धार लावायचे साधन टाकून दिले नाही, हे कळल्यापासून मीही पिशवीत बारीक दगडाचा बोटभर तुकडा ठेवते.

धार जाते कशाने, हेही बघण्यासारखे आहे. अमेरिकेतल्या एमआयटीमधल्या संशोधकांनी 2020 मध्ये दाखवले की पोलादाहून पन्नासपट मऊ असलेला केससुद्धा दाढीच्या पात्याच्या कडेचा टवका उडवू शकतो, पोलादाची आतली घडण सगळीकडे सारखी नसली आणि केस तिरका भिडला तर. मग स्टीलच्या ताटलीत कांदा चिरण्याने काय होत असेल? ट्रेकवर मी हे सतत पाहते आणि दर वेळी अंगावर काटा येतो. कांदा कापला गेल्यावर धार ताटलीवर आपटते आणि दुमडते. एक पातळ लाकडी फळी, हाताच्या पंजाएवढी, वजनाला काहीच नसते. ती न्यावी. नसेल तर काकडी हातात धरून अंगठ्याच्या दिशेने सावकाश कापावी, आमच्या आज्या कापत तशी.

बोथट चाकू जास्त जखमा करतो, कारण त्याला जोर लागतो आणि जोर लावलेला हात घसरतो. बसून लाकूड तासताना पाते मांडीच्या आतल्या बाजूकडे कधीही नेऊ नये. तिथली रोहिणी मोठी आहे आणि रुग्णालय दोन दऱ्या पलीकडे. हाताच्या टप्प्यात दुसरे कुणी नसावे. चाकू दुसऱ्याला द्यायचा तो मिटून. जिवंत झाडाला पाते लावू नये, आणि लेण्यांच्या भिंतींवर, गडाच्या दरवाज्यांवर नावे कोरणाऱ्यांविषयी तर मला बोलवतही नाही. शस्त्र कायद्याच्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या, घरगुती वा शेतीकामाच्या नसलेल्या हत्यारांची नोंद आहे. माझे पाते त्या मापाच्या आसपासही येत नाही. तरी विमानात ते सोबत नेता येत नाही, सामानात टाकावे लागते. आणि कळ दाबताच उघडणारा चाकू डोंगरात कुणालाही लागत नाही.

आईच्या विळीचे पाते मी लहान असताना चांगले रुंद होते. ते झिजत झिजत अर्ध्यावर आले आणि तरीही नारळ तिच्यावरच खवला जायचा. माझा चाकूही अरुंद होत चालला आहे. पातळ भाग दगडाने खाल्ला, आता कड पात्याच्या जाड भागापर्यंत पोहोचली आहे आणि टोमॅटोत तो पूर्वीसारखा शिरत नाही. धार येते, पण पाचरीसारखी. त्याला मी ओट्यापाशी बसवले आहे. मिरच्या आणि कोथिंबीर त्याच्या वाट्याला. डोंगरासाठी त्याच नंबरचा, त्याच पोलादाचा दुसरा घेतला.

यंदा माझी भाची पहिल्यांदा पावसात राजमाचीला निघाली. तिच्यासाठी मात्र मी स्टेनलेस पात्याचा आणला. वसतिगृहात राहते, ओला चाकू पिशवीत विसरेल, आणि त्या साध्या स्टेनलेसलाही काळा दगड पुरतो. दगडही तिला सोबत दिला. तिच्या पात्याच्या उतारावर मी मार्करच्या निळ्या शाईची पट्टी ओढली आणि दोन हात मारून बघ म्हटले. वरच्या काठाची शाई गेली, धारेलगतची तशीच राहिली. कोन फार सपाट होता. तिने पाठ जराशी उचलली, गेलेली शाई पुन्हा लावली आणि परत मुठीपासून सुरुवात केली.